गुडघेदुखी, युरिक ॲसिड आणि आईचे जेवण : काय बंद करावे आणि काय वाढावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : आपल्या आई ६१ वर्षांच्या असून चिपळूणला राहतात. त्यांची उंची ५ फूट आणि वजन ७८ किलो आहे. काही वर्षांपासून जिना उतरताना आणि खाली बसून उठताना त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि एक्स-रेमध्ये झीज दिसली आहे. रक्ततपासणीत युरिक ॲसिड ६.६ आले. तेव्हापासून नातेवाइकांच्या सांगण्यावरून डाळी, कडधान्ये, पालक आणि टोमॅटो बंद झाले, 'आंबटाने सांधे धरतात' म्हणून दही, ताक आणि कोकमही बंद झाले, आणि त्यांच्या जागी हळदीचे दूध व रोज एक डिंकाचा लाडू सुरू झाला. आठ महिन्यांत दुखणे तसेच राहिले, वजन मात्र वाढले आणि थकवा जाणवू लागला. आहाराने खरोखर आराम पडतो का, आणि पडत असेल तर त्यांनी काय खावे, असे आपण विचारले आहे.

आहाराने आराम पडतो, आणि आपल्या आईंच्या बाबतीत तो चांगला पडण्याजोगा आहे. मात्र सध्या घरात जे पथ्य चालू आहे ते जवळजवळ प्रत्येक बाबतीत उलट्या दिशेचे आहे. अस्थिरोग आणि संधिवाताच्या रुग्णांसोबत आहारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करताना मला हे चित्र सतत दिसत आले आहे. दुखणे सुरू झाले की ताटातून एकेक पदार्थ उठवला जातो, प्रथिने निघून जातात, आणि उरते ते पोळी, भात, बटाटा, चहा आणि बिस्किट. अशा ताटाने सांध्यांचे कोणतेही भले होत नाही.

सर्वप्रथम दुखणे कोणते, हे निश्चित असावे लागते, कारण 'संधिवात' या एका नावाखाली अगदी वेगवेगळे आजार येतात. झिजेच्या संधिवातात सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पातळ होते, दुखणे हालचालीने वाढते, आणि सकाळचा आखडलेपणा साधारणतः अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात, ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटॉइड म्हणतात, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यात बहुधा दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात, आणि सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. बहुतेकदा पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. आपण दिलेल्या वर्णनात असा एकही झटका नाही. आपल्या आईंचा आजार झिजेचा आहे आणि युरिक ॲसिडचा आकडा ही त्यासोबत योगायोगाने सापडलेली बाब आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. रक्तातील वाढलेले युरिक ॲसिड आणि गाऊट या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ते वाढलेल्या अनेकांना आयुष्यात कधीच गाऊट होत नाही.

तरीही त्या आकड्याची भीती घरात बसली आहे, म्हणून तोच विषय आधी घेते. युरिक ॲसिड प्युरिन नावाच्या घटकांच्या विघटनातून तयार होते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीर स्वतःच्या पेशींच्या उलाढालीतून निर्माण करते आणि साधारण एक-तृतीयांश अन्नातून येतो. त्यामुळे कडक पथ्यानेही रक्तातील पातळी फार तर एखाद्या अंकाने खाली येते. पालक, मटार, फ्लॉवर, डाळी यांत प्युरिन असते हे खरे आहे, आणि एवढ्यावरूनच त्यांना वर्ज्य ठरवण्यात आले. परंतु अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि समुद्री खाद्य जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊटचा धोका वाढलेला आढळला. प्युरिन असलेल्या भाज्या किंवा एकूण वनस्पतीजन्य प्रथिने यांनी तो वाढला नाही, आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ खाणाऱ्यांमध्ये तर तो कमी दिसला. म्हणजे आपल्या घरात ज्या ताकावर बंदी आली, ते ताक युरिक ॲसिडच्या दृष्टीने हिताचेच आहे. टोमॅटोत प्युरिन नगण्य असते. कोकम आणि चिंच यांचा आंबटपणा सांध्यांपर्यंत पोहोचत नाही, कारण रक्ताची आम्लता मूत्रपिंडे आणि फुप्फुसे अत्यंत काटेकोरपणे सांभाळतात.

उलट, कोकणातल्या स्वयंपाकघरातून सहसा न हटणाऱ्या काही गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. सोडे, सुकट, सुके बोंबील यांतले पाणी निघून गेलेले असल्याने थोड्याशा वजनातही प्युरिन जास्त येते. त्यातच मीठही भरपूर असते. आईंना उद्या खरोखर गाऊट असल्याचे निदान झाले, तर डाळीच्या आधी हे पदार्थ, तसेच कलेजी, मटणाचा रस्सा, मद्य आणि विशेषतः बिअर, शीतपेये आणि साखर घातलेली सरबते कमी करावी लागतील. साखरेतील फ्रुक्टोज यकृतात युरिक ॲसिडची निर्मिती वाढवते, ही गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. आणखी एक चौकशी आपण आवर्जून करावी : आई रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन घेतात का? या दोन्हींमुळे युरिक ॲसिड वाढू शकते. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, झालेली नसेल तर तीही करून घ्यावी.

आता गुडघ्यांकडे वळते, कारण खरा लाभ इथे आहे. चालताना गुडघ्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. अमेरिकेत स्थूल व गुडघ्याची झीज असलेल्या ज्येष्ठांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, वजन १ किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, असे दिसले. दिवसभरातील हजारो पावलांचा विचार केला तर ४-५ किलो घटीचा अर्थ काय होतो, ते लक्षात येईल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत ४५४ जणांना १८ महिने केवळ आहार, केवळ व्यायाम किंवा दोन्ही अशा तीन गटांत ठेवले होते. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे वजन सरासरी साडेदहा किलोंनी उतरले आणि त्यांची वेदना जवळजवळ निम्म्यावर आली. कोणत्याही चूर्णाने किंवा लाडवाने असा परिणाम दाखवलेला मला ठाऊक नाही. शिवाय चरबीचा साठा केवळ ओझे म्हणून त्रास देत नाही, तर तो दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडतो. म्हणूनच हातांच्या बोटांवर शरीराचे वजन पडत नसतानाही स्थूल व्यक्तींमध्ये बोटांच्या सांध्यांची झीज अधिक आढळते.

आपल्या आईंसाठी मी पहिले उद्दिष्ट ४ किलोंचे, म्हणजे वजनाच्या ५ टक्क्यांचे ठेवेन, आणि त्यासाठी तीन ते चार महिने देईन. ते साधले की आणखी ४ किलो. याहून घाई केल्यास चरबीसोबत स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू परत मिळवणे अवघड असते. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूंचा असतो. ते कमकुवत झाले की प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो. डाळी, कडधान्ये आणि दही एकाच वेळी बंद करणे मला घातक वाटते ते यामुळेच. पोळी-भाजी-भात आणि दोन-तीन चहा अशा जेवणातून दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम प्रथिनेच कशीबशी मिळतात. वय आणि उंची पाहता त्यांना ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळायला हवीत. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

६० ग्रॅम गाठण्यासाठी कोणतीही पावडर विकत आणावी लागत नाही. सकाळी पोह्यांऐवजी मोड आलेल्या मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही घेतले, तर १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दुपारी दोन नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, दही घातलेली काकडीची कोशिंबीर आणि भात हवा असल्यास अर्धी वाटी. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि कपभर बिनसाखरेचे दूध. रात्री कुळथाचे पिठले आणि एक भाकरी, किंवा दोन उकडलेली अंडी व भरपूर भाजी, किंवा माशाचे तिखले. कोकणात पिढ्यानपिढ्या शिजत आलेले कुळीथ हे या आजारात विशेष उपयोगी कडधान्य आहे, कारण त्यात प्रथिनेही आहेत आणि तंतू, म्हणजे फायबरही. कडधान्यांनी पोट फुगत असेल, तर ती रात्रभर भिजवून, पाणी बदलून, मऊ शिजवून आणि आले-हिंग घालून थोड्या प्रमाणात सुरू करावीत. 'वातूळ' पदार्थांनी पोटात होणारा गॅस आणि सांध्यातील वेदना यांचा संबंध नाही, परंतु पोट फुगलेल्या माणसाला सगळेच दुखणे अधिक जाणवते, हेही मला नाकारता येत नाही.

वजन कशातून उतरवायचे, याचे उत्तर बहुतेक घरांत तेल आणि साखर यांत असते. तीन माणसांच्या घरात महिन्याला तेलाचा ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ५० ग्रॅम तेल, म्हणजे साधारण ४५० कॅलरी पोटात जातात. तेच माणशी २० ग्रॅमवर आणले, तर कोणालाही उपाशी न ठेवता २५० ते २७० कॅलरी कमी होतात. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी केवळ चहातूनच येतात. आईंसाठी वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा घरात येणारे तेलच कमी करावे. वेगळे ताट वाढले की रुग्णाला शिक्षा झाल्यासारखे वाटते आणि दोन महिन्यांत सारे पूर्ववत होते.

उपवासांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. चतुर्थी, एकादशी आणि श्रावणी सोमवारला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू असे खाल्ले, तर त्या दिवशीच्या कॅलरी नेहमीपेक्षा वाढतात आणि प्रथिने घटतात. श्रद्धा जपूनही भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध, उकडलेले रताळे आणि फळ असा उपवास करता येतो. निर्जळी उपवास मात्र गाऊटच्या रुग्णांनी टाळावा, कारण पाणी कमी पडणे आणि उपाशी राहणे या दोन्हींनी युरिक ॲसिड वाढून झटका येऊ शकतो.

डिंकाच्या लाडवामागची भावना मी समजू शकते. डिंक चिकट असतो, म्हणून तो सांध्यातले 'ग्रीस' भरून काढेल असे वाटते. प्रत्यक्षात डिंक हा झाडाचा निर्यास असून पचनमार्गात तो तंतूसारखा वागतो. तो सांध्यात वंगण म्हणून पोहोचत नाही. लाडवात मात्र तूप, गूळ आणि खोबरे असल्याने एकेक लाडू दीडशे-दोनशे कॅलरींचा होतो. बाळंतिणीला किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला तो योग्य असेल, परंतु आईंच्या वाढलेल्या वजनात त्याचा वाटा निश्चित आहे. बोकडाच्या पायाच्या सुपाबद्दलही असेच सांगावे लागेल, कारण त्यातील कोलॅजेन हे प्रथिन पचून त्याची अमिनो आम्ले होतात, ती जशीच्या तशी गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर अमेरिकेत १,५८३ रुग्णांची मोठी चाचणी झाली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकूण रुग्णांमध्ये या गोळ्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तेवढ्याच पैशांत महिनाभर अंडी, दूध आणि फळे येतात.

हळदीबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यात तथ्य आहे, फक्त मात्रेचा घोळ आहे. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते आणि गुडघ्याच्या झिजेत त्याचा माफक उपयोग काही चाचण्यांत दिसला आहे. पण त्या चाचण्यांत रोज ५०० ते १,५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले जाते. हळदीच्या पुडीत ते वजनाच्या साधारण ३ टक्के असते, म्हणजे अर्ध्या चमच्यातून ५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, आणि तेही आतड्यातून फार कमी शोषले जाते. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास हे शोषण सुमारे २० पट वाढते, असे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले. फोडणीत हळद आणि वरून मिरपूड हे उत्तमच आहे. परंतु जास्त मात्रेच्या कर्क्युमिन-पायपरीन गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका संभवतो. हळदीचे दूध आईंना आवडत असेल तर बिनसाखरेचे खुशाल प्यावे, त्यातल्या दुधाचा उपयोग आहेच.

माशांच्या बाबतीत कोकणी माणूस भाग्यवान आहे. बांगडा आणि तारली या स्वस्त माशांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले चांगल्या प्रमाणात असतात, त्यासाठी महाग पापलेट किंवा सुरमई आणण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा हे मासे रवा लावून तळण्याऐवजी तिखले किंवा सार करून खावेत. मात्र अपेक्षा वास्तव ठेवावी. आमवाताच्या चाचण्यांत ज्या मात्रेने वेदना आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली, ती रोज सुमारे ३ ग्रॅमची आहे आणि परिणाम दिसायला तीन महिने लागतात. आठवड्यातून दोनदा मासे खाऊन ती मात्रा गाठली जात नाही. शाकाहारी घरांत जवसाची चटणी रोज चमचाभर घ्यावी. तिच्यातील ओमेगा-३ शरीरात फारच थोड्या प्रमाणात माशांतील प्रकारात बदलते, तरी तंतू आणि हृदयाचे आरोग्य यांसाठी ती चांगलीच आहे.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने कूर्चा भरून येत नाही. हाडांचा ठिसूळपणा आणि सांध्यांची झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु पाळी गेल्यानंतर स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि दूध-दही बंद ठेवून ते गाठणे फार कठीण आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून भाकरी नाचणीची असावी असे मी सुचवले. ड जीवनसत्त्वाची रक्तपातळी एकदा तपासावी आणि कमी असल्यास डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे, आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची मात्रा घ्यावी. ती वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेत राहिल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढलेले रुग्ण आढळतात.

हा प्रश्न वाचणाऱ्यांत आमवाताचे रुग्णही असतील, त्यांच्यासाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत. या आजारात हृदयविकाराचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे दीडपट असतो, म्हणून कमी साखर, भरपूर भाज्या, कडधान्ये, शेंगदाणे-अक्रोड आणि मासे असा हृदयाला मानवणारा आहार त्यांनी आयुष्यभर ठेवावा. नॉर्वेतील रुग्णांवरील १९९१ च्या चाचणीत सात ते दहा दिवसांच्या उपवासानंतर वर्षभर टप्प्याटप्प्याने शाकाहार दिला असता सूज आणि वेदना कमी झाल्या. म्हणून शाकाहाराचा प्रयोग करण्यास माझी हरकत नाही, परंतु उपवास देखरेखीशिवाय करू नये, कारण या आजारात स्नायू आधीच झिजत असतात. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध चालू असेल तर मद्य वर्ज्य समजावे आणि सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. पालेभाज्या मात्र सोडण्याचे कारण नाही. आहार सुधारल्याने बरे वाटू लागले म्हणून औषध थांबवणे सर्वांत महागात पडते, कारण वेदना शांत असतानाही सांधा आतून खराब होत राहू शकतो. 'संधिवात मुळापासून बरा' करणाऱ्या निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्यांनी आठवड्यात सूज उतरते, आणि पुढे मधुमेह, हाडांची हानी व चेहऱ्याची सूज मागे राहते.

आपण या आठवड्यात पुढीलप्रमाणे सुरुवात करावी, असे मी सुचवते. वरण, उसळ, ताक, टोमॅटो आणि कोकम आईंच्या ताटात परत आणावेत, डिंकाचा लाडू थांबवावा, चहातील साखर निम्मी करावी आणि महिन्याच्या यादीत तेल कमी लिहावे. सोबत फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे, खुर्चीत बसून करता येतील असे व्यायाम शिकून घ्यावेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना या बदलाची कल्पना द्यावी, कारण वजन उतरू लागले की मात्रा कमी करावी लागते. दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन पाहून वहीत लिहावे, आणि शेजारी त्या आठवड्यात किती वेदनाशामक गोळ्या लागल्या व जिना किती वेळा चढता आला, याची नोंद ठेवावी. तीन महिन्यांनी युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून ही वही डॉक्टरांना दाखवावी. दरम्यान हातांची बोटे सुजू लागली, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकू लागला किंवा एखादा सांधा अचानक लाल होऊन अंग तापाने फणफणू लागले, तर तीन महिने थांबू नये, लगेच संधिवाततज्ज्ञांना भेटावे.